तक्त्यातली अकरावी ओळ

"स्वतः पाहिलंत का?"

या प्रश्नाने आमच्या मेडिकल कॉलेजात भल्याभल्यांचं डोकं उठवलं होतं. बालरोग विभागाचे डॉ. दिनकर गर्गे हा प्रश्न कुठेही आणि कुणालाही विचारायचे. शिपाई सांगायचा, सर, वरच्या मजल्यावरचा नळ दुरुस्त झाला. "स्वतः पाहिलंस का?" शिकाऊ डॉक्टर सांगायचा, कोपऱ्यातल्या खाटेवरचं बाळ दूध प्यायलं. "स्वतः पाहिलंस, की आई म्हणाली?" एकदा बोलता बोलता मी म्हणाले की धाकट्याला ताप होता, पण आता बरा आहे. सरांनी लगेच कपाळाला आठ्या घातल्या. "निघताना स्वतः पाहिलंत का, सोनवणेबाई?"

मी देवळाली कॅम्पहून सकाळची पहिली बस पकडणारी बाई. मी निघाले तेव्हा पोरगा झोपला होता आणि ताप उतरल्याचं सासूबाईंनी सांगितलं होतं. सासूबाईंच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणाच्या, असं म्हणून मी तणतणत माझ्या टेबलाशी जाऊन बसले. दुपारी मात्र शेजारच्यांकडे फोन लावून सासूबाईंना पुन्हा एकदा पोराच्या कपाळाला हात लावायला सांगितलं. ताप नव्हता. पण त्या माणसाने माझा अर्धा दिवस खाल्ला होता.

मी त्या कॉलेजची ग्रंथपाल. नव्वद सालच्या सुमारास रुजू झाले तेव्हा ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, लोखंडी कपाटं आणि एक कुरकुरणारा पंखा. बहुतेक डॉक्टर मंडळी त्या पंख्याखाली डुलकी काढायला यायची. वाचायला येणारे एकटे गर्गे सर. उंच, किंचित वाकलेले, दसरा झाला की अंगात बिनबाह्यांचा राखी स्वेटर चढायचा तो होळीपर्यंत उतरायचा नाही. स्कूटर लावताना ती कुणाच्या वाटेत येत नाही ना, हे तीनतीनदा वळून बघायचे. घराणं पंचवटीतलं. थोरले बंधू गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, यात्रेकरूंचे श्राद्धविधी सांगायचे. सर मात्र त्या वाटेला कधी गेले नाहीत. "दादा मेलेल्यांचं बघतो, मी जिवंतांचं," असं हसत म्हणायचे. ते वाक्य त्यांनी पुढे म्हणायचं सोडून दिलं, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

सरांच्या नावाने परदेशातून कार्डं यायची. हल्लीच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा तुमचा एखादा लेख तिकडच्या डॉक्टरला हवा असेल, तर तो एक छापील कार्ड पाठवायचा: कृपया आपल्या लेखाची प्रत पाठवावी. लेख छापून आला की नियतकालिकवाले त्याच्या सुट्या प्रतींचा गठ्ठा लेखकाकडे देत, त्यातली एक आपण पोस्टाने रवाना करायची. सरांच्या एकाच लेखाला ही कार्डं येत. डोंगरातल्या मुलांच्या क्षयरोगावरचा लेख होता. कुठून कुठून यायची ती, गुळगुळीत, रंगीत तिकिटांची. दुसऱ्या कुणाला असं एखादं कार्ड आलं असतं तर त्याने ते टेबलाच्या काचेखाली सरकवून आल्यागेल्याला दाखवलं असतं. गर्गे सर कार्ड बघायचे आणि त्यांचा चेहरा उतरायचा, घरून तार आल्यासारखा.

मग ते दप्तरातून लेखाची प्रत काढायचे, तिच्या पहिल्या पानावर एक छापील चिठ्ठी ठेवायचे आणि ती चक्क शिवायचे. जखमेला टाके घालायची वाकडी सुई, काळा रेशमी दोरा आणि चिमटा घेऊन. चार कोपऱ्यांना चार टाके, प्रत्येकाला पक्की गाठ. मी एकदा स्टेपलर पुढे केला. म्हणाले, "पिना निघतात हो. हे निघालं तर पान फाटेल."

मला वाटलं, मोठ्या माणसांच्या एकेक तऱ्हा. चिठ्ठी इंग्रजीत आणि बारीक अक्षरात होती. मी ती वाचण्याच्या भानगडीत पडले नाही.

एकदा पुस्तकखरेदीसाठी मला मुंबईला जायचं होतं. सर मुद्दाम ग्रंथालयात आले आणि म्हणाले, की तिथल्या मोठ्या ग्रंथालयात जाडजूड खंड असतात, कुणाच्या लेखाचा आधार जगात कुणी कुणी घेतला ते त्यात छापलेलं असतं, तेवढं माझ्या नावापुढचं उतरवून आणा. मी भिंग घेऊन बसले. मुंगीएवढी अक्षरं, पण सरांच्या नावाखाली ओळीच ओळी. आमच्या कॉलेजातल्या बाकीच्यांची नावं मी कुतूहल म्हणून शोधली, तर कुणाचं नावच नव्हतं. नाशिकच्या एका माणसाचं लिहिलेलं सातासमुद्रापार वाचलं जातंय, याचा मला इतका अभिमान वाटला की परतीच्या गाडीत शेजारच्या अनोळखी बाईलाही मी ते सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी कागद त्यांच्या हातात देत म्हणाले, "सर, पेढे काढा. आधार घेणारे वर्षागणिक किती वाढलेत बघा."

सर कागद धरून उभेच राहिले. मग माझ्यासमोरच्या खुर्चीवर हळूच बसले. "एवढे?" म्हणाले. त्या दुपारी त्यांनी मला जे सांगितलं, ते तोवर त्यांनी कॉलेजात कुणालाही सांगितलेलं नसावं.

पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर पावसाळ्यात भात आणि नागली असते. दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं पोराबाळांसकट वीटभट्ट्यांवर नाहीतर द्राक्षबागांत कामाला जातात. क्षय झालेल्या मुलांचं औषध मग अर्ध्यावर सुटायचं. सरांच्या मनात आलं, की औषधाची मुदतच कमी करता आली तर? भाताची कापणी होईतो औषधही संपेल आणि पोर बरी होऊनच घराबाहेर पडेल. कल्पना वाईट नव्हती, मी आजही तेच म्हणेन. सरांनी त्यासाठी पायाची चाळण केली. पाड्यापाड्यावर जाऊन औषध दिलं, आणि पोरं सुधारली. पण सुधारली एवढं पुरत नाही. रोग उलटला नाही ना, हे बघायला वर्षाने पुन्हा प्रत्येक घरी जावं लागतं. सर गेले. बहुतेक मुलं त्यांना भेटली, वजनं वाढली होती, गाल भरले होते. काही घरांत पोर जागेवर नव्हती. बरी हाय, मामाकडं गेली, असं घरचे सांगत.

सरांच्या तक्त्यात अकराव्या ओळीवर भागी नावाची मुलगी होती. तिच्या बापाचं नाव चिंतामण. त्याने सरांना खाट टाकून दिली, गुळाचा कोरा चहा केला आणि तेच सांगितलं, बरी हाय, मामाकडं गेली. मामाचं गाव डोंगरापलीकडे, गुजरातच्या हद्दीला लागून. दिवस कलला होता आणि खाली रस्त्यावर जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. सरांनी भागीच्या नावापुढे लिहिलं: तपासली, बरी आहे.

"तपासली असं लिहिलं मी," सर म्हणाले. "ऐकली असं लिहायला हवं होतं."

लेख छापून आला, नावाजला गेला. नंतर काही वर्षांनी चिंतामण धाकट्या मुलीला घेऊन ओपीडीत आला. तिच्या मानेला गाठी होत्या. सरांनी त्याला लगेच ओळखलं. उत्साहाने विचारलं, की भागी काय म्हणते, मोठी झाली असेल आता. चिंतामण फरशीकडे बघत राहिला.

"ती नाय आता, साहेब. तुम्ही आले त्याच्या आधीच गेली. भात काढायच्या टायमाला."

"अरे, मग बरी आहे असं का सांगितलंस मला?"

चिंतामणने बराच विचार केला. "तुम्ही एवढं लांबून चढून आले होते," तो म्हणाला. "तुमच्या तोंडाकडं बघून सांगवलं नाय."

हे सांगून सर थांबले आणि मुंबईहून आणलेल्या माझ्या कागदाची घडी घालत बसले. मला तो कागद परत घ्यावासा वाटत होता.

सर त्यानंतर पुन्हा पाड्यांवर गेले. जिथे जिथे पोर मामाकडे होती, त्या प्रत्येक घरी आणि तिथून प्रत्येक मामाच्या गावी. काही मुलं खरोखरच मामाकडे राहून ठणठणीत मोठी होत होती. काही नव्हती. किती ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मलाही विचारवलं नाही. चूक झाली, औषधाची मुदत कमी करणं धोक्याचं आहे, असं त्यांनी नियतकालिकाला कळवलं. तिकडून सभ्य उत्तर आलं, आणि बऱ्याच महिन्यांनी शेवटच्या पानावर, कुठल्याशा परिषदेच्या जाहिरातीखाली, चार ओळींचा चौकोन छापून आला. मूळ लेख वाचणाऱ्याला तो चौकोन सापडण्याची काही सोय नव्हती. म्हणून ती चिठ्ठी आणि म्हणून ते टाके.

"लेखात भागी अजून बरी आहे, बाई," सर म्हणाले. "जगात कुणीतरी दरवर्षी ते वाचतं आणि तिकडच्या पोरांची औषधं लवकर बंद करतं. मी तिला मारलं नाही, हे मला समजतं. पण तिला जिवंत मी ठेवलंय."

सर सगळ्यांना तो प्रश्न का विचारायचे, ते मला त्या दिवशी कळलं. विद्यार्थ्यांना कुठलं कळायला. सर त्यांना पाड्यांवर न्यायचे आणि पोर घरी नसेल तर मामाचं गाव विचारून तिथवर तंगडतोड करायला लावायचे. विद्यार्थ्यांनी त्यांचं नाव मामा ठेवलं होतं. सर वऱ्हांड्यातून चालले की मागून हळूच कुणीतरी म्हणायचं, मामा आले. सरांना ते ऐकू जायचं. एरवी शिस्तीच्या बाबतीत नाकावर माशी बसू न देणारा माणूस, पण या नावावरून त्यांनी कधी कुणाला टोकलं नाही.

चिंतामणची धाकटी, मनी, पूर्ण मुदतीचं औषध घेऊन बरी झाली. त्यानंतर दर वर्षी भाताची कामं आटोपली की चिंतामण तिला घेऊन एसटीने नाशिकला यायचा. औषध नाही, तक्रार नाही. तो तिला सरांसमोर उभी करायचा आणि म्हणायचा, "बघून घ्या, साहेब." सर तिची मान चाचपायचे, वजन करायचे, छातीला नळी लावायचे. मनी कंटाळून छताकडे बघायची. दोघं बाप्ये त्याबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. ती दोघं गेल्यावर सर ग्रंथालयात येऊन खिडकीशी उभे राहायचे. एकदा म्हणाले, भागी हिच्याहून चार वर्षांनी मोठी.

हा हिशेब त्यांच्या मनात सतत चालू असायचा. एकदा नर्सिंगची एक मुलगी माझ्या टेबलाशेजारी टिपणं काढत बसली होती. सर दारातच थबकले आणि तिच्याकडे बघत राहिले. मुलीने ओढणी सावरली, मग वही उचलून दुसरीकडे जाऊन बसली. मी सरांना बाजूला घेतलं आणि जरा कडकपणेच म्हणाले, की हे बरं दिसत नाही. ते दचकले. "एवढी असती आता," म्हणाले. मग त्या मुलीजवळ जाऊन, हात जोडून, माफी मागून आले. तिला बिचारीला काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवसापासून सरांची नजर पुन्हा तिथे अडू नये म्हणून त्या रिकाम्या झालेल्या खुर्चीत पुस्तकं ठेवायची सवय लागली.

तपासणी समिती येणार होती त्या वर्षीची गोष्ट. कॉलेजच्या मान्यतेसाठी कुणी किती लेख लिहिले आणि त्यांचा किती आधार घेतला गेला, याला फार भाव आला होता. आमच्या डीनसाहेबांनी मी आणलेला आकडा मोठ्या अक्षरांत रंगवून दर्शनी भिंतीवर लावला आणि सरांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, गुलाबाचा हार. सर नाही म्हणत होते, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. शेवटी ते माईकसमोर उभे राहिले आणि म्हणाले:

"तो लेख चुकीचा आहे. त्यातली मुलगी मेली होती, आणि मी ती बरी आहे असं लिहिलं. कृपा करून त्या लेखाचा आधार कुणी घेऊ नका."

मग डीनसाहेबांनी माईक स्वतःकडे ओढला. म्हणाले, पाहा, मोठी माणसं स्वतःशी किती कठोर असतात, याला म्हणतात विनय. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की समितीचे अध्यक्षही उठून उभे राहिले. सर हार गळ्यात घेऊन तसेच उभे होते. मी पहिल्या रांगेत होते आणि मी टाळी वाजवली नाही, पण ते कुणाच्या लक्षात येणार होतं? जाताना ते शाल ग्रंथालयातच ठेवून गेले. ती कुणाला तरी द्या म्हणाले. डोंगराकडून आलेल्या एका बाळंतिणीला मी ती दिली.

पुढे केव्हातरी कार्डं यायची कमी झाली, आणि मग थांबलीच. एक वर्ष गेलं, एकही कार्ड नाही. सर रोज माझ्या टेबलापाशी येऊन टपालावर नजर टाकायचे आणि निघून जायचे. मग एके दिवशी चिवड्याचा पुडा घेऊन आले, माझ्यासमोर फोडला आणि स्वतःही मूठभर घेतला. मी कारण विचारलं. "सुटलो, बाई," म्हणाले. "विसरले लोक." त्या हिवाळ्यात स्वेटरसुद्धा त्यांनी महाशिवरात्रीच्या आधीच काढला. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला होता.

त्याच सुमारास ग्रंथालयात इंटरनेट आलं. मला महिनाभराचं प्रशिक्षण मिळालं होतं, आणि नव्या खेळण्याशी खेळावं तसं मी एका दुपारी सरांचं नाव टाकून पाहिलं. यादी पडद्यावर मावेना. मी खाली खाली जात राहिले. कार्डं थांबली होती, कारण आता कार्डांची गरज उरली नव्हती. लेख कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येत होता, स्वच्छ, पहिल्या पानावर काही न शिवलेला. त्याचा आधार घेणारे आधीपेक्षा कितीतरी वाढले होते. त्यातल्या काहींनी तर मूळ लेख उघडलेलाही दिसत नव्हता, एकाने लिहिलं म्हणून दुसऱ्याने लिहिलं होतं.

मी सरांना बोलावून दाखवलं. लपवण्यात अर्थ नव्हता, कुणीतरी दाखवलंच असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन लेखातला तो तक्ता पाहिला. अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. काचेवर बोटाचा ठसा उमटला.

"याला टाका कुठे घालायचा, बाई?"

सरांनी मग माझ्याकडून ईमेल शिकून घेतलं. दोन बोटांनी टकटक करत ते जगभरच्या लेखकांना लिहायचे, की माझ्या लेखाचा आधार घेऊ नका, त्यात एक मेलेली मुलगी आहे. बरेच जण उत्तर देत नसत. काही आभार मानत आणि पुढच्या वेळी लक्षात ठेवू म्हणत. दूरच्या एका गरीब देशातल्या डॉक्टरने सविस्तर कळवलं, की आमचे निकाल उत्तम आहेत, सगळी मुलं वर्षानंतरही बरी आहेत. सरांनी त्याला एकच ओळ पाठवली: घरी जाऊन आपण स्वतः पाहिलंत का? उत्तर आलं नाही. निवृत्त होईपर्यंत ते रोज येऊन विचारायचे, त्या डॉक्टरांचं काही आलं का?

निवृत्तीनंतर ते गंगापूर रोडला, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. लिफ्ट नव्हती. सुरुवातीला अधूनमधून मला फोन करायचे, माझी चौकशी आधी आणि लेखाची नंतर. मी खरं ते सांगायचे. मग फोन कमी झाले, आणि एके दिवशी त्यांच्या पत्नीने, वहिनींनीच, फोन करून सांगितलं, की त्यांना आता उठवत नाही, डॉक्टरांनी आशा सोडलीय, भेटून जा.

निघण्यापूर्वी सकाळी मी कॉलेजात जाऊन यादी पाहिली. त्या महिन्यात लेखाचा आधार घेणारे आणखी नवे आले होते. मग दोन बसा बदलून गंगापूर रोडला पोचले आणि गुडघे धरून तीन जिने चढले. सर खिडकीशेजारच्या खाटेवर होते. अंगात तोच राखी स्वेटर, पण आत माणूस जवळजवळ नव्हताच. मला बघून त्यांनी डोळ्यांनीच खुर्ची दाखवली. मी कॉलेजच्या चार गोष्टी सांगितल्या. मनीचं लग्न झालं आणि चिंतामण पत्रिका देऊन गेला, हे वहिनींनी सांगितलं. सरांना ते ठाऊक होतं. लग्नाला गेले होते ते, उभं राहवत होतं तेव्हा.

वहिनी आत गेल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, अजून येतात?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. वर्षानुवर्षं मी या माणसाला खरं तेच सांगत आले होते. आणि त्या क्षणी मला ते जमलंच नाही.

"नाही, सर. थांबले आता."

"स्वतः पाहिलंत का?"

"पाहिलं. सकाळीच पाहिलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला खाली फरशीकडे बघावं लागलं. मग त्यांच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या. रागाने नव्हे, हसल्यासारख्या.

"मामाकडे गेले म्हणायचे," सर म्हणाले.

त्यांनी मान वळवली आणि होता नव्हता तेवढा आवाज गोळा करून स्वयंपाकघराकडे हाक दिली, "अगं, बाईंना चहा टाक. लांबून आल्यात त्या."

चहा येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.